उपग्रहापासून मोबाईलच्या पडद्यापर्यंत

मुलांना शिकविणाऱ्याला कोण शिकवितो, हा प्रश्न आपण पालक या नात्याने क्वचितच विचारतो. गुरुजी बी. एड. झाले म्हणजे त्यांचे शिकणे संपले, असा आपला समज असतो. वस्तुतः शिक्षकांना शिकविण्यासाठी आपल्या देशाने उपग्रहसुद्धा वापरले आहेत.

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचले आणि हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे धडे मिळाले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पुढे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. ती २०१७ साली बंद पडली. २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी एज्युसॅट सोडण्यात आला. त्याच्या काही केंद्रांवर प्रश्न विचारण्याची सोय होती. परंतु एरवी दूरचित्रवाणीचा स्वभाव एकच: तिने बोलावे आणि शिक्षकाने ऐकावे. ‘जरा थांबा, पुन्हा दाखवा’ असे तिला म्हणता येत नसे.

२०१७ साली चित्र पालटले. ९ जुलैला ‘स्वयं’ आणि ५ सप्टेंबरला, म्हणजे शिक्षकदिनी, ‘दीक्षा’ ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची दालने उघडली. आता धडा शिक्षकाच्या सवडीने चालू लागला. पण अडचण निघाली ती धड्यात नव्हे, दारातच! नोंदणी कोठे करावी, पासवर्ड कसा ठेवावा, अभ्यासक्रमात सामील होण्याचे बटण कोणते, उत्तरे पाठविली की नाही हे कसे कळावे? पंचवीस वर्षे अपूर्णांक शिकविलेले गुरुजी एका बटणापाशी अडून बसले. छापील सूचनापत्रके निघाली. पण ‘उजवीकडील वरच्या कोपऱ्यातील तीन रेघांवर टिचकी मारा’ हे वाक्य वाचून कोणाला काय उमजणार?

येथे एक साधे साधन कामी आले. संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर जे जे घडते ते जसेच्या तसे टिपायचे आणि सोबत आपला आवाज भरायचा. यालाच स्क्रीन रेकॉर्डिंग म्हणतात. सलमान खान यांनी (चित्रपटातील नव्हे, खान अकादमीचे!) २००६ पासून यूट्यूबवर गणिताचे धडे घातले, ते याच रीतीचे. त्यांत शिक्षकाचा चेहरा नाही. काळ्या पडद्यावर उमटणारी अक्षरे आणि समजावणारा आवाज, एवढेच.

मला मात्र अधिक मोलाचे वाटते ते आपल्या मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. कण्णन मौद्गल्य यांचे ‘स्पोकन ट्युटोरिअल’. केंद्र शासनाच्या साहाय्याने चाललेल्या या उपक्रमात संगणकाचे एकेक काम सुमारे दहा मिनिटांत पडद्यावर करून दाखवितात. त्यातील खुबी अशी की पडद्यावरील चित्र तेच ठेवायचे आणि आवाज तेवढा बदलायचा. बटणावरचा शब्द इंग्रजीच राहतो, कारण प्रत्यक्षात तो तसाच दिसणार आहे. समजावणे मात्र मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये. शिकणाऱ्याने एक पायरी पाहावी, थांबवावे, स्वतः करावे, मग पुढे जावे. हे सारे शिक्षक समोर नसतानाही शिकता यावे, अशा बेताने रचलेले आहे.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘निष्ठा’ हे शिक्षक-प्रशिक्षण दीक्षावर आले. त्यात १८ अभ्यासक्रम होते. त्याच सुमारास अँड्रॉइड ११ मध्ये पडदा टिपण्याची सोय मोबाईलमध्येच आली. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने याचा अर्थ पाहा. घाटाखालच्या संग्रामपूर-जळगाव जामोदच्या शिक्षकाला घाट चढून बुलढाण्याला न येता, कालच नोंदणी केलेल्या शेजारच्या शाळेतील सहकाऱ्याकडून तीच कृती पाहता येते. उर्दू शाळेतील उस्ताद ती उर्दूत सांगतील, मराठी शाळेतील बाई मराठीत, पडदा एकच. उपग्रहाच्या काळी शिकविणारा दिल्ली-अहमदाबादेकडचा असे. आता तो पलीकडच्या गावचा असू शकतो, आणि त्याला आपली अडचण ठाऊक असते, कारण परवा तो स्वतः तेथेच अडला होता.

एक वाईट खोडही याच काळात लागली, ती लपविण्यात अर्थ नाही. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या हाती मोबाईल द्यायचा, त्याने भराभर पाने पुढे सरकवायची आणि प्रमाणपत्र मात्र गुरुजींच्या नावाचे! विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे कोणी असे काम घेऊन आले तर ते करून देऊ नका. पडदा टिपून द्या, आवाज तुमचा भरा, सावकाश बोला, आणि बोट कोठे टेकविले ते दिसू द्या. टिपण्यापूर्वी येणारे संदेश बंद करा. पासवर्ड आणि ओ.टी.पी. भरण्याच्या वेळी रेकॉर्डिंग थांबवा. नाहीतर गुरुजींच्या खात्याची किल्ली साऱ्या तालुक्याच्या मोबाईलवर फिरत राहील.