सुनेची सही

सावंतवाडीत वकिली करायची तर दोन राज्यांचे कायदे हाताशी ठेवावे लागतात. बांदा मागे टाकून पत्रादेवीचा नाका ओलांडला की पेडणे तालुका सुरू होतो. बोलीला जराशी कलाटणी मिळते, बाकी कुळाचार तेच, जत्रा त्याच, सोयरीकही तीच. आमच्याकडच्या मुली पेडण्याला, डिचोलीला दिलेल्या आणि तिकडच्या आमच्या घरी आलेल्या. म्हणून माझ्यासमोर बसणाऱ्या पक्षकारांचा प्रश्न बहुतेकदा एकाच सुरात येतो : "गोव्यात तसा आसा, मगे हय असा कित्याक?"

सगळ्यात नेहमीचा प्रश्न सह्यांचा. गोव्यातलं जमिनीचं एखादं खरेदीखत उघडून बघा. तीन भाऊ आणि एक बहीण वडिलांची जमीन विकत असतील आणि चौघांचीही लग्नं झालेली असतील, तर लिहून देणार म्हणून चार नव्हे, आठ नावं असतात. प्रत्येक भावाच्या नावाखाली 'आणि त्याची पत्नी', बहिणीच्या नावाखाली 'आणि तिचा पती'. आठ फोटो, आठांचे अंगठे, आठ सह्या. एखादी सून मुंबईला नोकरीला असली तर तिचं कुलमुखत्यारपत्र येईपर्यंत व्यवहार थांबतो. तशीच जमीन बांद्यात असती तर चार सह्यांत काम झालं असतं. पेडण्याच्या एका सुनेने मला विचारलं होतं, "जमीन सासऱ्याची. माझी सही कित्याक?" उत्तर एका वाक्याचं आहे. सासऱ्याकडून नवऱ्याला जे आलं त्यातलं निम्मं लग्नाच्या नात्याने तिचं आहे, आणि तिच्या संमतीशिवाय नवऱ्याला ते विकता येत नाही. ती बराच वेळ काही बोललीच नाही. संसारात इतकी वर्षं काढून हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

हे निम्मं आलं कुठून, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

पेडणे मुळात सावंतवाडीकर भोसल्यांचं. अठराव्या शतकाच्या शेवटी कोल्हापूरकरांशी झगडताना सावंतांना पोर्तुगीजांची मदत लागली आणि १७८८ साली पेडणे त्यांच्या हाती गेलं. डिचोली आणि सत्तरी त्याआधीच गेली होती. तिसवाडी, बारदेस, साष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेले मुलूख. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा वगैरे नव्या. जुन्या काबिजादींत बाटवाबाटवी झाली, देवळं पडली. नव्या काबिजादी घेताना मात्र लोकांच्या चालीरीतींना हात लावणार नाही, असं पोर्तुगीजांनी कबूल केलं होतं. माझ्या मते आजच्या गोव्याच्या कायद्यातल्या बऱ्याच गाठी या एका कबुलीपाशी येऊन थांबतात.

पोर्तुगालची नागरी संहिता १८६७ ची. आंतोनियु लुईझ द सियाब्रा या कायदेपंडिताने ती लिहिली. कलमं अडीच हजारांवर. समुद्रापारच्या मुलखांना ती लागू करण्याचं फर्मान १८६९ च्या नोव्हेंबरात निघालं आणि १ जुलै १८७० पासून ती गोव्यात अमलात आली. तिच्यातलं आपल्या कामाचं सूत्र असं : लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्न लागताच नवरा-बायकोची सगळी मालमत्ता एकत्र होते. आधीची, नंतरची, वारशाची, कमाईची. दोघांचाही त्यात निम्मा वाटा.

त्याच काळात सीमेच्या अलीकडे काय होतं? इंग्रजी मुलखात एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या नियमांनी न्यायालयांना देशरिवाजाकडे बघायला सांगितलं होतं आणि रिवाज काय ते शास्त्रीबुवा सांगत. मुंबई बेटावर, गुजरातेत आणि उत्तर कोकणात नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख वरचढ, रत्नागिरीकडे मिताक्षरा. म्हणजे एकाच मुंबई इलाख्यात वारसाहक्काच्या दोन वाटा. बाईच्या पदरात मात्र दोन्ही वाटांनी फारसं पडत नसे. एकत्र कुटुंबातल्या विधवेला अन्नवस्त्र. विभक्त झालेला नवरा मुलगा नसताना गेला, तर हयातीपुरता ताबा. तो ताबाही असा की अगदी गरज दाखवल्याशिवाय तिला ती जमीन विकता येऊ नये. डॉ. गो. वि. देशमुखांच्या खटपटीने १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या संपत्तीचा कायदा झाला, त्यानेही विधवेला दिलं ते हयातीपुरतंच. पेडण्याच्या बायकोचं निम्मं १८७० पासून कायद्यात लिहिलेलं आणि बांद्याची विधवा अन्नवस्त्रावर. मध्ये अंतर पायी चालण्याइतकं.

पण पोर्तुगीज कायद्याच्या आरत्या ओवाळणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्याच संहितेने एकत्र झालेल्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती दिला होता. निम्म्याची मालकीण असलेल्या बाईला आपल्या निम्म्याचा हिशेब नवरा जिवंत असेपर्यंत दिसत नसे. आणि नव्या काबिजादींना दिलेला शब्द पाळण्यासाठी डिसेंबर १८८० मध्ये गोव्यातल्या हिंदूंच्या रीतिरिवाजांचं वेगळं फर्मान निघालं. त्यात बायको पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूल झालं नाही, किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर तिच्या संमतीने नवऱ्याला दुसरं लग्न करण्याची मुभा ठेवली. ज्या बाईला घरातून बाहेर जायला जागा नाही, तिची संमती म्हणजे काय, हे कुणालाही कळतं. हा मजकूर आज कुणी वापरत नाही हे खरं. पण गोव्यात सगळ्यांना एकच कायदा आहे असं सभेत छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी तो एकदा वाचावा. १९४६ च्या फर्मानाने चर्चमध्ये लागलेल्या लग्नांनाही वेगळा रस्ता करून दिला.

नाक्याच्या दोन बाजूंचा हा फरक घटस्फोटातही दिसतो. १९१० साली पोर्तुगालमधली राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं, त्याच वर्षी घटस्फोटाचा कायदा झाला आणि तो गोव्यातही पोचला. आपल्याकडे सयाजीरावांच्या बडोद्याने १९३१ साली हिंदूंना घटस्फोट दिला. मुंबई प्रांताने द्विभार्याबंदी १९४६ साली आणि घटस्फोट १९४७ साली. सावंतवाडी तेव्हा संस्थान होतं, ते मुंबई प्रांतात आलं १९४८ साली. कुठल्या राजाच्या हद्दीत जन्म झाला यावर बाईची सुटका ठरत होती.

मग हिंदू कोड बिल आलं. त्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं. पुढे तुकड्यातुकड्यांनी १९५५ साली विवाहाचा आणि १९५६ साली वारसाचा कायदा झाला. विधवेचा हयातीपुरता ताबा संपला, ती पूर्ण मालकीण झाली. मुलीला बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत भावाइतका वाटा आला. गोव्यात तेव्हा पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारची राजवट होती. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीसाठी निघालेले निःशस्त्र सत्याग्रही पत्रादेवीवर गोळ्या झेलत होते. दिल्लीत बायकांना मिळालेलं ते दान पत्रादेवीच्या पलीकडे गेलं नाही.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ च्या प्रशासन कायद्याच्या पाचव्या कलमात लिहिलं गेलं की चालू असलेले कायदे, बदलले किंवा रद्द केले जाईपर्यंत, तसेच चालू राहतील. पुढे फौजदारी आणि इतर अनेक भारतीय कायदे गोव्यात आणले गेले. लग्न, वारसा आणि दांपत्याची मालमत्ता एवढं जुनंच राहिलं. पोर्तुगालने स्वतः १९६६ साली नवी संहिता केली. लिस्बनमध्ये जी गेली ती पेडण्यात राहिली. १९६७ च्या जानेवारीत सार्वमत झालं, गोवा महाराष्ट्रात विलीन झाला नाही. झाला असता तर ही संहिता फार दिवस टिकली नसती असं मला वाटतं, आणि गोव्याच्या बायकांचं त्यात नुकसान झालं असतं.

दुसरा नेहमीचा प्रश्न मृत्युपत्राचा. "बाबांनी सगळं थोरल्याच्या नावे केलंय. चालतं का?" महाराष्ट्रात स्वकष्टार्जित असेल तर चालतं. पूर्ण चालतं, बायकोला एक दोरी न देताही चालतं. गोव्यात चालत नाही. समजा, जोडप्याची चार एकर जमीन आहे. दोन एकर बायकोचे, त्याला नवरा हात लावू शकत नाही. त्याच्या दोन एकरांपैकी एक मुलामुलींसाठी राखीव, तो कुणाकडूनही काढून घेता येत नाही. उरलेल्या एका एकराचं मृत्युपत्र त्याने हवं तसं करावं. मुलीला वगळून टाकण्याचा जो अधिकार आमच्याकडच्या बापाला आहे, तो गोव्यातल्या बापाला एवढ्या एका एकरापुरताच उरतो.

वाटप जुळलं नाही तर इन्व्हेंटरी. ही एकदा तरी जवळून बघण्यासारखी गोष्ट आहे. घराचा कर्ता कोर्टात एकेक वस्तूची यादी देतो : घर, काजूची भरड, माड, मासळीचा वाटा, दागिने, कर्ज. मग वारस आपसांत बोली लावतात. घर कुणाला हवं? जो जास्त बोलेल त्याला. वाट्यापेक्षा जास्त गेलं की बाकीच्यांना रोख भरायचं. पणजीपासून डिचोलीपर्यंतच्या कोर्टांत भावांना एकमेकांसमोर बोली चढवताना मी पाहिलं आहे. कडू असतं ते. पण घराचा तिसरा हिस्सा म्हणून स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत घालणारे आमच्याकडचे वाटप-दावे त्याहून कडू असतात, आणि तीन पिढ्या चालतात. २०१२ साली गोव्याने वारसा आणि इन्व्हेंटरीचा स्वतःचा कायदा केला, तो २०१६ च्या अखेरीस लागू झाला.

आयकर भरणाऱ्यांनाही हे सूत्र भेटतं. आयकर कायद्यात १९९४ साली ५ए कलम घातलं गेलं. त्याप्रमाणे या पद्धतीखाली असलेल्या जोडप्याचं घरभाडं, व्याज, धंद्याचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरलं जातं, पगार तेवढा ज्याचा त्याचा. म्हापशातल्या एका दुकानाचं भाडं नवऱ्याच्या आणि बायकोच्या अशा दोन विवरणपत्रांत अर्धं-अर्धं दिसतं, ते यामुळे.

आणि मुंबईतली मालमत्ता? गोव्याची किती माणसं मुंबईला गेली, कुडाच्या खोलीपासून फ्लॅटपर्यंत तिथे उभं केलं. ते कुठल्या कायद्याने वाटायचं यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. १३ सप्टेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने न्या. दीपक गुप्ता आणि न्या. अनिरुद्ध बोस यांच्या पीठाकडून उत्तर दिलं : ही संहिता आता परकी नाही, संसदेने चालू ठेवलेला तो भारतीय कायदाच आहे, आणि गोव्याचा रहिवास असलेल्या माणसाच्या मुंबईतल्या मिळकतीलाही तोच लागू. माणूस नाका ओलांडून गेला तरी त्याच्या बायकामुलांचा राखीव वाटा त्याच्या मागून जातो.

महाराष्ट्र स्वस्थ बसून राहिला असं नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती आंध्रने १९८६ साली केली, तमिळनाडूने १९८९ साली, आपण २२ जून १९९४ ला. पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. मे महिन्यात लग्न झालेली बहीण बाहेर आणि जुलैत झालेली आत, अशी घरं मला ठाऊक आहेत. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ते कुंपण मोडलं. तरीही ही सगळी धाव मुलीसाठी; बायकोचं संसारातलं निम्मं आपल्या कायद्यात अजून नाही. नवरा जिवंत असताना त्याच्या नावच्या घराची ती मालकीण नाही. घटस्फोट झाला तर पोटगी मागायची. तिने तीस वर्षं राखलेल्या घराचा, शिंपलेल्या बागेचा वाटा म्हणून काही मागता येत नाही. मला हा आपल्या राज्याच्या कायद्यातला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो, आणि तो दूर करायला परदेशाकडे बघण्याची गरज नाही, पत्रादेवीपर्यंत गेलं तरी पुरे. एक प्रयत्न झाला होता. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या, आणि १९९२ साली शासनाने नवऱ्याच्या अर्जावर सातबाऱ्यात बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. सोय आहे, पण अर्ज नवऱ्याच्या मर्जीचा.

गोव्यात मुलगी देणाऱ्या किंवा तिथली सून आणणाऱ्या घरांना माझं सांगणं असं. तिकडे लग्नाची नोंदणी दोन टप्प्यांत होते : आधी निबंधकासमोर लग्नाच्या इराद्याची सही, मग हरकतींसाठी मुदत, मग दुसरी सही. पहिल्या सहीवर थांबू नका, ती नोंदणी पुरी करा. मांडवातल्या अक्षतांनी ती होत नाही. मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार समोर आला तर तो लग्नाआधी वकिलाकडून वाचून घ्या, कारण लग्नानंतर तो बदलता येत नाही आणि मुलीचं निम्मं त्याच एका कागदावर जातं. आणि जे सिंधुदुर्गात, रत्नागिरीत, कुठेही महाराष्ट्रात आहेत, त्यांनी या महिन्यात तहसील कचेरीत जाऊन लक्ष्मीमुक्तीचा अर्ज द्यावा. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागू द्या.