बैल नवे, बंडी जुनी

१५ एप्रिल १९९४ ही तारीख कुठल्या शाळेच्या पुस्तकात सापडणार नाही. पण अकोला-अमरावतीकडच्या जुन्या प्रवाशांना ती सांगितली तर त्यांचे डोळे चमकतात. त्या दिवशी मूर्तिजापूरच्या नॅरोगेज गाडीचे, म्हणजे आपल्या ‘शकुंतले’चे, वाफेचे इंजिन कायमचे थांबले आणि तिच्यापुढे डिझेल इंजिन लागले. वाफेचे ते इंजिन झेडडी जातीचे. १९२१ साली मँचेस्टरला बनले, १९२३ पासून कामाला लागले आणि सत्तर वर्षांहून जास्त राबले. सरकारी नोकराला आपण अठ्ठावन्नला घरी पाठवतो, त्या मानाने फारच लांबलेली नोकरी!

या घटनेवर लिहिणारे बहुतेक लोक धुराच्या आणि शिटीच्या आठवणीत रमतात. रमावे, माझी हरकत नाही. मला मात्र इतक्या वर्षांनीही त्यातला हिशेब खुणावतो. नवे इंजिन लावले, पैसे खर्च झाले, मग गाडी सुधारली का? आणि नसेल सुधारली, तर का नाही?

ज्यांनी ही गाडी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगतो. मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात, मुंबई-नागपूर मोठ्या लाइनवर. तिथून दोन फाटे फुटत. एक उत्तरेला अमरावती जिल्ह्यात बनोसा (म्हणजे दर्यापूर), अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला जाई, सुमारे ७६ किलोमीटर. दुसरा दक्षिणेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर. दोन्हींचे रूळ अडीच फुटी.

हे रूळ आले कापसामुळे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ साली जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली खामगावचा फाटा झाला, तो सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. मोठी लाइन झाली, पण अचलपूर, यवतमाळकडचा कापूस अजून बंडीनेच स्टेशनावर येत होता. तिथे फाटे हवे होते आणि फाट्यांवर स्वतः पैसा घालायची सरकारची फारशी तयारी नव्हती. मग एक युक्ती निघाली. खासगी कंपनीने भांडवल उभारून फाटा बांधायचा, मोठ्या रेल्वेने त्यावर गाड्या चालवायच्या आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला द्यायचा. मुंबईच्या किलिक-निक्सन या पेढीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली ती याच रिवाजाने.

अडीच फुटी रूळ का निवडले? स्वस्त म्हणून. रूळ हलके चालतात, पूल लहान चालतात, वळणे अरुंद घेता येतात, जमीन कमी लागते. वर्षातून काही महिने कापूस वाहायचा, एरवी थोडी माणसे आणि थोडे धान्य. एवढ्यासाठी मोठी लाइन कोण घालणार? त्या काळच्या माणसांचे अंदाजपत्रक त्यांच्यापुरते चोख होते. अडचण एवढीच, की अंदाजपत्रक कापसाच्या गाठींसाठी केले आणि पुढची शंभर वर्षे त्यावरून माणसे गेली.

आता १९९४ कडे येऊ. वाफेचे इंजिन बदलावे हे कोणीही मान्य करील. गाडी सुटायच्या कितीतरी तास आधी त्याची भट्टी पेटवावी लागते. कोळसा लांबून आणायचा, राख काढायची, वाटेत पाणी भरायचे. आणि पाणी तरी कुठले, तर आपल्या भागातले! दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर हा पूर्णेचा खारपाणपट्टा. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते पाणी बॉयलरला काय मानवणार? खाऱ्या, जड पाण्याने बॉयलरच्या नळ्यांना आतून थर चढतो, उष्णता वाया जाते, नळ्या लवकर जातात. शिवाय भारतात वाफेची नवी इंजिने बनवणे १९७२ सालीच बंद झाले होते, म्हणजे सुट्या भागांचीही वानवा. या सगळ्या खर्चासमोर डिझेल इंजिन स्वस्तच पडणार. किल्ली फिरवली की सुरू, थांबवले की खर्च बंद.

मी या गाडीने वाफेच्या काळातही मामाच्या गावी गेलो आहे आणि डिझेलच्या काळातही. वाफेच्या गाडीतून उतरल्यावर शर्टाची कॉलर काळी होई आणि डोळ्यात कोळशाचा कण जाई. डिझेलमध्ये ते बंद झाले. पण वेळ? अचलपूरचे ७६ किलोमीटर कापायला डिझेललाही साधारण चार तास लागत. एकदा लाखपुरीच्या आसपास गाडी रखडली असताना मी समोरच्या म्हाताऱ्या बाबांना म्हटले, की आता तर डिझेल आले, मग अशी का चालते? ते तंबाखू मळत म्हणाले, “बैल नवे आनले भाऊ, पन बंडी तेच हाय ना!”

या एका वाक्यात सगळा इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम आला.

गाडीचा वेग इंजिन ठरवत नाही, गाडीखालचा सगळ्यात कमजोर भाग ठरवतो. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रूळ सरळ ठेवायचा तर खडी भरत राहावी लागते, स्लीपर बदलावे लागतात, पुलांची डागडुजी करावी लागते. ते नसेल तर इंजिनात कितीही ताकद असो, ड्रायव्हरला हळूच जावे लागणार.

हेच मला पुन्हा ऐकू आले ते अगदी वेगळ्या तोंडून. माझा एक भाचा अमेरिकेत असतो. त्याने जुनी जपानी टर्बो स्पोर्ट्स कार घेतली आहे आणि तिच्या इंजिनाची ताकद वाढवायचा त्याचा बेत आहे. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारी चक्की. ती बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त आत गेली की इंधनही जास्त जाळता येते, आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद निघते. भाच्याने मला फोनवर त्याचे अंदाजपत्रक वाचून दाखवले. मला वाटले, यादीत सगळ्यात वर मोठा टर्बो असेल. तर म्हणे, “नाही मामा, तो सर्वांत शेवटी.” आधी ब्रेक आणि टायर. मग क्लच. मग दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, मोठा इंधनपंप, रेडिएटर. त्यानंतर इंजिनाच्या संगणकाची जुळणी. एवढे झाल्यावर टर्बो. शिवाय काहीतरी मोडणारच, म्हणून एक रक्कम बाजूला. निम्म्याहून जास्त पैसे इंजिनाच्या बाहेरच जाणार होते!

त्याच्या बोलण्यातून एक गंमतही कळली. १९८९ पासून २००४ पर्यंत जपानी मोटार कंपन्यांनी आपसांत ठरवून घेतले होते, की देशात विकायच्या गाडीची ताकद २८० अश्वशक्तीच्या वर सांगायची नाही. पण कित्येक इंजिने मुळात त्याहून बरीच दणकट बांधलेली. टोयोटा सुप्राचे १९९३ सालचे तीन लिटरचे दुहेरी टर्बो इंजिन याच कारणासाठी हौशी लोकांत प्रसिद्ध आहे; त्याचा ओतीव लोखंडाचा ठोकळा कारखान्याने दिलेल्या ताकदीपेक्षा पुष्कळ जास्त सोसतो. अशा गाडीत इंजिन वाट पाहत बसलेले असते, खर्च करायचा तो बाकीच्या गाडीवर.

आपल्या रेल्वेलाही हे ज्ञान नव्हते असे नाही. मोठ्या लाइनवरचे २६०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन आठवते? तेही टर्बोवालेच. १९९० च्या दशकात वाराणसीच्या कारखान्याने सोळा सिलिंडरच्या त्याच घराण्यातून, चांगला टर्बो आणि इतर सुधारणा करून, ३१०० अश्वशक्ती काढली. पुढे जुनी इंजिनेही तशी सुधारून घेतली. म्हणजे जवळजवळ त्याच सुमारास, ज्या वर्षांत शकुंतलेला डिझेल मिळाले! मग एकीकडे नीट जमलेले काम दुसरीकडे अर्धवट का राहिले?

फरक मालकीचा आहे. मोठ्या लाइनवर इंजिन रेल्वेचे, रूळ रेल्वेचे, आणि वाढलेल्या कमाईचा फायदाही रेल्वेचाच. शकुंतलेच्या बाबतीत तसे नव्हते. जीआयपी रेल्वे १९२५ साली सरकारने चालवायला घेतली, १९५१ साली तिची मध्य रेल्वे झाली, पण फाट्याच्या रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली. दर दहा वर्षांनी करार संपवून लाइन विकत घेण्याची मुभा सरकारला होती. ती वापरली गेली नाही. आपल्याकडे ‘अजून इंग्रजाला भाडे जाते’ असे चवीने सांगतात. ते तितके खरे नाही, कारण किलिक-निक्सन ही पेढी मुंबईतच १८५७ साली निघालेली आणि स्वातंत्र्यानंतर भारतीयांच्या हातात आलेली. प्रश्न इंग्रजाचा नव्हताच, प्रश्न भाड्याच्या घराचा होता. भाडेकरू स्वतःच्या सोयीसाठी कूलर घेतो, कारण घर सोडताना तो बरोबर नेता येतो. छताचे पत्रे तो बदलत नाही. आणि घरमालक म्हणतो, राहतोस तू, पत्रे मी का बदलू?

डिझेल इंजिन म्हणजे तो कूलर होता. रूळ म्हणजे पत्रे.

यात जुन्या हिशेबाचे एक सूत्र विसरले गेले असे मला वाटते. ॲकवर्थ समितीच्या १९२१ च्या अहवालानंतर, १९२४ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पातून वेगळा झाला (तो पुन्हा त्यात विलीन झाला थेट २०१७ साली). त्याच वेळी रेल्वेत घसारा निधी सुरू झाला. कल्पना साधी. वस्तू रोज थोडी झिजते, म्हणून रोज थोडे पैसे बाजूला ठेवा, म्हणजे ती मोडेल त्या दिवशी नवी घेता येईल. आपला शेतकरी बैलजोडी म्हातारी व्हायच्या आत गोऱ्हा वाढवायला घेतो, तेच हे. पण घसारा कोणी काढायचा? ज्याची वस्तू त्याने. आणि वस्तू एकाची, झीज दुसऱ्याची असली की दोघेही तो काढत नाहीत.

याची किंमत कोणी मोजली ते सांगायला नको. २०१६ साली रेल्वेमंत्री सुरेश प्रभूंच्या काळात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गाच्या ब्रॉडगेजसाठी सुमारे १५०० कोटी रुपये मंजूर झाल्याची बातमी आली तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. नंतर काही वर्षांतच रुळांच्या अवस्थेपायी दोन्ही फाट्यांवरची गाडी बंद झाली. तिकीट इतके कमी होते, की अंजनगावची भाजीवाली आणि दर्यापूरचा कॉलेजचा पोरगा दोघांनाही ते परवडायचे. एसटीला त्याहून कितीतरी जास्त पैसे पडतात. रोज जाणाऱ्याच्या महिन्याच्या खर्चात तो फरक नेमका दिसतो.

याच वऱ्हाडात, रेल्वेच्या स्वतःच्या मालकीचा अकोला-पूर्णा मीटरगेज मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला. अकोला-अकोट टप्प्यावर २०२२ साली मोठी गाडी धावू लागली. जमीन तीच, काळी. पाऊस तोच. अकोटच्या पुढे मेळघाटातून मार्ग न्यावा की नाही यावर मोठा वाद झाला, पण तो वाघांसाठी होता, खडी कोणी भरायची यासाठी नव्हे.

म्हणून कोणी इंजिन बदलायचे म्हटले, मग ते आगगाडीचे असो, मोटारीचे असो की विहिरीवरच्या पंपाचे, तर किमतीचा कागद बघण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो. नवी ताकद कशावर जाऊन पडणार? तो भाग कोणाच्या मालकीचा? आणि तो झिजला तर पैसे कोण देणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मेकॅनिक देतो. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे मूर्तिजापूरला ऐंशी वर्षे कोणी मागितली नाहीत, आणि गावोगावची माणसे फलाटावर गाडीची वाट पाहत राहिली.