पानशेतच्या पुरानंतरची घरे

पुण्याच्या पश्चिमेला आंबी नदीवर पानशेत येथे बांधले जात असलेले मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले. धरणाचे काम पुरे झालेले नव्हते. पाणी सोडण्याची मोरी व तिची दारे अपुरी होती, तरीही त्या पावसाळ्यात धरणात पाणी साठू दिले गेले. मोरीवरचा भराव खचू लागला तेव्हा लष्कराच्या जवानांनी ११ जुलैच्या रात्री वाळूची पोती रचून पाणी थोपवून धरले. त्या रात्रीच्या श्रमांमुळे धरण अंधारात फुटले नाही, उजाडल्यावर फुटले, आणि पुण्यातल्या असंख्य माणसांना घराबाहेर पडायला वेळ मिळाला. पानशेतचे पाणी खाली खडकवासल्याच्या धरणात आले. एकोणिसाव्या शतकात बांधलेले ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. मुठा नदीचे पाणी काठावरच्या पेठांमध्ये घुसले, लकडी पूल आणि नवा पूल पाण्याखाली गेले, शहराचे दोन भाग एकमेकांपासून तुटले. मृतांच्या संख्येवर कधीच एकमत झाले नाही. हजाराच्या आसपास हा आकडा सर्वत्र दिला जातो.

पाणी शहरात काही तासच होते. घरे मात्र त्यानंतर कित्येक दिवस पडत राहिली, आणि त्याचे कारण पुण्याच्या जुन्या बांधकामात होते. शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांतले बहुतेक वाडे दगडी जोत्यावर उभे होते. जोत्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, त्यात भाजलेल्या विटांची भिंत, विटांच्या पोटात पांढऱ्या मातीचा भराव, मजल्यांना कडीपाट आणि त्यावर पुन्हा माती, अशी ही रचना होती. पेशवाईपासून चालत आलेली ही पद्धत पुण्याच्या हवेला मानवणारी होती. उन्हाळ्यात आत गारवा राही, आणि भिंतीची डागडुजी घरच्या घरी करता येई. वरून पडणाऱ्या पावसाची काळजी कौले घेत. बाजूने येऊन भिंतीला टेकलेले पाणी मात्र या बांधकामाला सोसण्यासारखे नव्हते. मातीचा भराव भिजून फुगला, विटा सुटल्या, जोत्यालगतची भिंत बसली आणि वरचे मजले तिच्यावर आले. काही ठिकाणी सांगाडा उभा राहिला आणि भिंती गळून पडल्या. रस्त्यावरून पाहताना खांबांच्या मधून मागचा चौक आणि त्यापलीकडची गल्ली दिसे. जे वाडे पाण्यात टिकले त्यांतले अनेक नंतर उन्हात भिंती वाळून तडकताना कोसळले, आणि जे धोकादायक ठरले ते पाडावे लागले.

या वाड्यांमध्ये एकेकटी कुटुंबे राहत नव्हती, ही गोष्ट पुढच्या सगळ्या इतिहासाला वळण देणारी ठरली. मालक एक आणि बिऱ्हाडे आठ-दहा, कुठे त्याहूनही अधिक, अशी वस्ती होती. दोन खणांच्या जागेत संसार, चौकात सामाईक नळ, मागे सामाईक संडास. त्यामुळे एक वाडा पडला की एका घराबरोबर अख्ख्या आळीएवढी माणसे उघड्यावर येत.

पूर ओसरला त्या संध्याकाळी पेठांत वीज नव्हती, आणि घराघरांत गाळ साचला होता. धान्याची पोती कुजू लागली, तांब्यापितळेची भांडी चिखलातून उपसून काढावी लागली, कागदपत्रे लगद्यासारखी झाली. खरेदीखते, भाड्याच्या पावत्या, शाळेचे दाखले, पत्रिका, पोथ्या अशा घराचा हक्क आणि घराण्याची आठवण सांगणाऱ्या वस्तू बहुधा तळमजल्यावरच्या पेटीत किंवा फडताळात असत, आणि त्याच आधी गेल्या. पुढे नुकसानभरपाई मागताना अनेकांकडे दाखवायला काहीच उरले नव्हते. १३ जुलैला पुन्हा पाणी आल्याची अफवा उठली आणि लोक हातातले काम टाकून पर्वती टेकडीच्या दिशेने धावले. शहराच्या मनात भीती किती खोल गेली होती, हे त्या धावपळीवरून कळते.

दुसरे संकट पाण्याच्या अभावाचे होते. पुण्याच्या नळांना पाणी खडकवासल्याच्या तलावातून येई, आणि तो तलाव रिकामा झाला होता. पुरात बुडालेल्या शहराला प्यायला पाणी नाही, अशी विलक्षण अवस्था आली. वाड्यांमधल्या विहिरी उपसून वापरात आणल्या गेल्या, पेशवेकाळापासून कात्रजच्या तलावातून पाणी मिळणारे हौद पुन्हा कामाचे ठरले, टँकर फिरू लागले. घर धुवायलाही पाणी लागते. पहिल्या आठवड्यांत गाळ हलवण्याचे काम संथ चालले, त्याला हेही एक कारण होते. जवान, महाविद्यालयांतले विद्यार्थी, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे आणि राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते घमेली-फावडी घेऊन पेठांत उतरले. मतभेद असलेली मंडळी त्या दिवसांत एकाच गल्लीतला गाळ उपसत होती. शाळा आणि मंगल कार्यालयांत माणसांची सोय झाली, रोगराई पसरू नये म्हणून लसी टोचण्यात आल्या.

महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी पुण्याच्या पुनर्वसनाचे काम सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडे सोपवले. १९५० मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा बर्वेच तिचे पहिले आयुक्त होते. शहराचे रस्ते, गटारे आणि मोकळ्या जमिनी त्यांना ठाऊक होत्या, आणि पुणेकरांना ते ठाऊक होते. मदत वाटणे, पंचनामे, जमीन ताब्यात घेणे, बांधकामाला लावणे ही कामे एका हाती आल्यामुळे निर्णय लवकर झाले. त्यांच्या कामाची लोकांनी पावतीही दिली. नोकरी सोडून बर्वे १९६२ च्या निवडणुकीला शिवाजीनगरमधून उभे राहिले, निवडून आले आणि मंत्री झाले.

निर्णय लवकर झाले, तरी सर्वांना सारखे घर मिळाले नाही. पुनर्वसनाच्या तीन वाटा झाल्या आणि कोण कोणत्या वाटेने गेला हे बऱ्याच अंशी त्याच्या पूर्वीच्या परिस्थितीने ठरवले. ज्यांची स्वतःची जागा होती आणि थोडीफार ऐपत होती, ते कर्ज काढून पेठेतच परत बांधू लागले. नवे बांधकाम मात्र जुन्यासारखे झाले नाही. मातीवरचा विश्वास उडाला होता. जोत्याच्या दगडावर सिमेंटच्या भिंती आल्या, कडीपाटाच्या जागी काँक्रीटचा स्लॅब आला, चौक लहान होत गेला आणि शेवटी नाहीसा झाला. जुन्या वाड्यांच्या तुळया व दरवाजे विकले गेले. कसबा आणि शनिवार पेठेत आज जुन्या व नव्या इमारतींची सरमिसळ दिसते, तिची सुरुवात मुख्यतः या काळातली आहे.

दुसरी वाट सहकारी गृहरचना संस्थांची. सरकारने पर्वतीच्या पायथ्याशी, एरंडवण्यात, जुन्या भांबुर्ड्याच्या म्हणजे शिवाजीनगरच्या बाजूला आणि शहराच्या कडेच्या इतर जागी जमिनी दिल्या, आणि पूरग्रस्तांनी एकत्र येऊन संस्था काढाव्यात असे ठरले. अशा शंभरच्या आसपास संस्था झाल्या. सहकारनगर हे नाव याच घडामोडीची खूण आहे. पेठेतले शिक्षक, कारकून, छोटे व्यापारी तिथे गेले. प्रत्येकाला स्वतंत्र दार, स्वतंत्र नळ, स्वतंत्र संडास आणि पुढे चार झाडे लावण्याइतकी जागा मिळाली. ज्या घरांतल्या सुनांना पहाटे सामाईक नळावर रांग लावावी लागे, त्यांच्या दृष्टीने हा बदल पुनर्वसनाहून मोठा होता. त्याच काळात गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या लोकमान्यनगरसारख्या चाळवजा इमारतींच्या वसाहतींनी सदाशिव पेठेच्या पलीकडचे शहर भरून काढले.

तिसरी वाट बराकींची. नदीकाठी, ओढ्याकाठी, पुलांच्या आसपास राहणाऱ्या मजुरांकडे आणि कारागिरांकडे ना मालकीची जागा होती, ना संस्थेचा भाग भरण्याइतकी रक्कम. त्यांच्यासाठी पत्र्याच्या अर्धगोल छपरांच्या बराकी उभारल्या गेल्या. लोक त्यांना ‘निसान हट’ म्हणत. गोखलेनगर आणि पर्वती परिसरातल्या या वसाहती तात्पुरत्या म्हणून बांधल्या होत्या, पण त्यांत एक पिढी वाढली. उन्हाळ्यात तापणारा पत्रा, पावसाळ्यात त्यावर होणारा आवाज आणि घर आपल्या नावावर नाही ही जाणीव सोसत तिथले लोक राहिले. पुनर्वसनाच्या यशाच्या वर्णनांत या वसाहतींना फार थोडी जागा मिळते, हे न्याय्य नाही. शहराची धुणीभांडी, हमाली, बांधकामे करणारी माणसे तिथेच राहत होती.

या तिन्ही वाटांच्या मागे भाडेकायद्याचा प्रश्न उभा होता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली होती. मिळणाऱ्या भाड्यात मालकाला पडलेला वाडा पुन्हा बांधणे परवडेना, आणि भाडेकरूला वाडाच नसल्यामुळे आपला हक्क कुठे बजावावा हे कळेना. काही ठिकाणी समजुतीने जागा मिळाल्या, काही ठिकाणी खटले वर्षानुवर्षे चालले. पुढे मालकी हक्काच्या सदनिकांची पद्धत पुण्यात झपाट्याने रुजली. १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याने तिला चौकट दिली. पूर आला नसता तरी ही पद्धत आलीच असती, पण वाड्यातला भाडेकरू सदनिकेचा मालक होण्याकडे इतक्या लवकर वळला त्यात १२ जुलैचा वाटा मोठा आहे.

धरण का फुटले याची चौकशी निवृत्त न्यायमूर्ती रा. स. बावडेकर यांच्याकडे दिली गेली. चौकशी चालू असतानाच त्यांनी आत्महत्या केली, त्यानंतर न्यायमूर्ती वि. अ. नाईक यांच्या आयोगाने ते काम पुरे केले. दोन्ही धरणे पुन्हा बांधली गेली. पानशेतचे नवे धरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाले.

घरांचा प्रश्न मात्र एवढ्यावर संपला नाही. सहकारी संस्थांना मिळालेल्या जमिनी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या होत्या. पूरग्रस्त कुटुंबाने बांधलेले घर विकायचे, वारसाच्या नावे करायचे किंवा पाडून नव्याने बांधायचे म्हटले की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराण्याचा प्रश्न येई. मूळ सभासद वृद्ध झाले, वारले, मुले-नातवंडे त्याच घरांत राहू लागली, तरी जमिनीची मालकी सरकारकडेच राहिली. मालकी हक्क द्यावा ही मागणी पन्नास वर्षांहून अधिक काळ चालली आणि तिच्यावरचे शासकीय निर्णय एकविसाव्या शतकात झाले. निवारा वर्ष-दोन वर्षांत मिळाला, पण त्या जमिनीवरच्या हक्काचा प्रश्न सुटायला दोन पिढ्या गेल्या.

पेठा सावरल्यावर शहर मुठेच्या दोन्ही काठांनी वाढत गेले. पूररेषा आखल्या गेल्या, तरी काठालगत भराव टाकून इमारती होत राहिल्या, आणि पुलाची वाडी यांसारख्या वस्त्या नदीला चिकटूनच राहिल्या, कारण तिथे राहणाऱ्यांना दुसरीकडे परवडणारी जागा कधी दाखवली गेली नाही. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून मोठा विसर्ग सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरले. या वेळी एकही धरण फुटले नव्हते. १९६१ नंतर पुण्याने बेघरांसाठी घरे बांधली, पण नदीची जागा नदीला सोडली नाही. काठावरच्या गरीब वस्त्यांना शहरातच, कामाच्या जवळ, त्यांच्या नावावर घरे देणे हे त्या वर्षी अर्धवट राहिलेले काम अजून करायचे आहे.