साखरेचे मोजमाप आणि त्याची किंमत

बेनेडिक्टचे निळे द्रावण आपण सर्वांनी प्रयोगशाळेत कधी ना कधी हाताळलेले असते. त्यात ग्लुकोज असलेल्या नमुन्याचे काही थेंब टाकून परीक्षानळी तापवली, की रंग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी होत जातो. तांब्याच्या क्षाराचे क्षपण होते, असे आपण फळ्यावर लिहितो आणि पुढच्या प्रयोगाकडे वळतो. पण विसाव्या शतकात कित्येक वर्षे हाच प्रयोग मधुमेही माणसे आपल्या घरी, आपल्याच लघवीवर, रोज करत होती. रुग्णाने स्वतः साखर मोजण्याचा इतिहास येथून सुरू होतो. त्यात विज्ञान किती पुढे गेले, एवढेच आपण सहसा सांगतो. ते कोणाला परवडले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

लघवीच्या तपासणीत एक मूलभूत उणीव होती. रक्तातील ग्लुकोज दर १०० मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंडे ते लघवीत सोडत नाहीत. म्हणजे ही तपासणी काही तासांपूर्वीची आणि फक्त वाढलेली साखर दाखवते. इन्शुलिन घेणाऱ्याला तर साखर एकदम उतरण्याची भीती अधिक असते. झोपेत ती फार उतरली, तर माणूस बेशुद्ध होऊ शकतो. त्याविषयी निळे द्रावण काहीच सांगत नाही.

१९६०च्या दशकाच्या मध्यास रक्ताच्या थेंबाने रंग बदलणारी कागदी पट्टी अमेरिकेत निघाली. पाठोपाठ तो रंग प्रकाशाच्या परावर्तनावरून मोजणारे यंत्र आले. ते डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यासाठी होते, रुग्णाला विकत मिळत नसे. रिचर्ड बर्नस्टीन हा अभियंता वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेही होता. १९६९च्या सुमारास या यंत्राची जाहिरात त्याच्या पाहण्यात आली. त्याची पत्नी डॉक्टर होती, म्हणून यंत्र तिच्या नावावर मागवता आले. त्याने किंमत सांगितली आहे ६५० डॉलर. दिवसातून अनेकदा साखर मोजून त्याने आपला आहार आणि इन्शुलिन यांचा मेळ बसवला. पुढे चाळिशी उलटल्यावर वैद्यकीय शिक्षण घेऊन तो स्वतः डॉक्टर झाला. ज्याच्या घरात डॉक्टर नाही आणि खिशात ६५० डॉलर नाहीत, त्याला ही वाट बंद होती.

साखर वारंवार मोजून काटेकोर ताब्यात ठेवल्याने खरेच फायदा होतो का? याचा भक्कम पुरावा १९९३ साली मिळाला. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवर झालेल्या दीर्घ चाचणीत, काटेकोर उपचार घेणाऱ्यांमध्ये डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी आढळला. त्यानंतर, १९९७च्या कायद्याने, अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने इन्शुलिन न घेणाऱ्या मधुमेहींनाही मापक व पट्ट्यांचा खर्च देण्याचे ठरवले. मेडिकेअर मुख्यतः ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी आहे. यंत्र, मग पुरावा, मग पैसा, असा हा क्रम झाला. तो पुन्हा दिसणार होता.

दरम्यान मोजण्याची पद्धतच बदलली होती. १९६२ साली लेलँड क्लार्क यांनी विद्युतअग्रावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर बसवण्याची कल्पना मांडली. हे विकर ग्लुकोजची ऑक्सिजनशी क्रिया घडवते. किती ऑक्सिजन वापरला गेला हे मोजले, की ग्लुकोज किती ते कळते. रंगाऐवजी आता विजेचा प्रवाह मोजायचा होता. या तत्त्वावर प्रथम बोटाच्या थेंबावर चालणारी खिशातील यंत्रे आली आणि नंतर त्वचेखाली बसणारा केसासारखा बारीक संवेदक. तो रक्तात नव्हे, तर पेशींच्या भोवतालच्या द्रवात ग्लुकोज मोजतो. त्यामुळे त्याचा आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. दर पाच मिनिटांनी एक नोंद धरली, तर दिवसाला २८८ नोंदी होतात. बोट टोचून चार-पाच मिळत.

असा पहिला सतत ग्लुकोजमापक १९९९ साली अमेरिकेत मान्य झाला. तो तीन दिवस चाले आणि नोंदी नंतर डॉक्टर पाहत. काही वर्षांतच आकडा तत्काळ दाखवणारी यंत्रे आली. २००८ साली एका चाचणीने २५ वर्षांवरील रुग्णांमध्ये त्यांचा फायदा दाखवून दिला. तरी मेडिकेअरने त्यांचा खर्च नाकारला. कारण असे, की संवेदकाचा आकडा पाहून इन्शुलिन घेण्यास परवानगी नव्हती, आधी बोट टोचून खात्री करावी लागे. म्हणून हे यंत्र उपचाराचे नव्हे, केवळ खबरदारीचे, असे ठरले.

हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. सुरुवातीच्या संवेदकांत सरासरी चूक २० टक्क्यांहून अधिक असे. खरी साखर १०० असताना ८० किंवा १२० दिसू शके. ही चूक १० टक्क्यांच्या आत आल्यावर, डिसेंबर २०१६ मध्ये, डेक्सकॉम जी-५ या यंत्राला बोट न टोचता उपचार ठरवण्याची मान्यता मिळाली. महिन्याभरात, जानेवारी २०१७ मध्ये, मेडिकेअरने ते यंत्र उपचाराचे मानले. यंत्र तेच होते, त्याच्यावरील परवानगीचा मजकूर बदलला होता.

पुढच्या अटीही पाहण्यासारख्या आहेत. मापक हवा असेल तर रुग्णाने दिवसातून चार वेळा रक्त तपासत असले पाहिजे. पण इन्शुलिन घेणाऱ्याला मेडिकेअर साधारणपणे महिन्याला १०० पट्ट्यांचाच खर्च देई, म्हणजे दिवसाला तीन. चौथी पट्टी स्वतःच्या पैशाने घेऊ शकणारा पात्र ठरण्याची शक्यता अधिक! ही अट जुलै २०२१ मध्ये गेली. एप्रिल २०२३ पासून इन्शुलिन घेणारा कोणताही मेडिकेअरचा रुग्ण पात्र ठरतो. इंग्लंडमध्येही सुरुवातीला आपण कोणत्या भागात राहतो यावर संवेदक मिळणे अवलंबून असे. २०२२ साली तेथे पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या सर्व प्रौढांना तो देण्याची शिफारस झाली.

आपल्याकडे काय? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. आपला आरोग्य विमा प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाचा असतो. घरी वापरायच्या संवेदकाचे पैसे बहुतेकांना स्वतःच भरावे लागतात. एक संवेदक १४ दिवस चालतो असे धरले, तर वर्षाला २६ लागतात, आणि एकाची किंमत काही हजार रुपये असते. म्हणून अनेकजण मधला मार्ग घेतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने एखादाच संवेदक लावून पंधरवड्याचा आलेख पाहायचा, कोणत्या जेवणानंतर साखर चढते आणि रात्री कधी उतरते हे समजून घ्यायचे आणि एरवी पट्टीवर भागवायचे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात, गोळ्यांवर असलेल्या अनेकांना एवढे पुरते. पण पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या, दिवसातून चार-चार वेळा इन्शुलिन टोचून घेणाऱ्या मुलाला तो आलेख रोज हवा असतो. रात्री साखर उतरली की वाजणारी सूचना त्याच्या आईला शांत झोप देते. असे मूल आपल्याही वर्गात असू शकते.

यंत्र किती अचूक असले म्हणजे पुरे, आणि हे ठरेपर्यंत वाट कोणी पाहायची, हे दोन प्रश्न आम्हाला या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटतात. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळते. दुसऱ्याचे उत्तर विम्याच्या नियमांत लिहिले जाते आणि वर पाहिल्याप्रमाणे ते नियम बदलता येतात. बेनेडिक्टच्या प्रयोगाच्या तासाला विद्यार्थ्यांपुढे हे दोन्ही प्रश्न मांडावेत. २६ संवेदकांचा वर्षाचा हिशेब त्यांनाच करू द्यावा आणि तो एखाद्या घराच्या मिळकतीशी ताडून पाहण्यास सांगावे.