देवमासा, बहिष्कार आणि आइसलँडचा कॉड

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

नोव्हेंबर २०२३ ची गोष्ट आठवत असेल. ऐन दिवाळीत गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं होतं. गावकरी आणि वनखात्याची माणसं दोन दिवस झटली. त्याला समुद्रात सोडलं, पण ते वाचलं नाही. तेव्हा कितीतरी लोक हळहळले होते.

तेव्हापासून अधूनमधून व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो: जपान देवमासे मारतो, जपानी वस्तूंवर बहिष्कार टाका. परवा एका कॉलेजच्या मुलाने मला सरळच विचारलं, "दादा, असा बहिष्कार टाकून खरंच काही होतं का?"

तेव्हा उत्तर देता आलं नाही. मग वाचत बसलो. जे सापडलं ते इथे मांडतो.

आधी 'बॉयकॉट' या शब्दाबद्दल. हे एका माणसाचं आडनाव आहे. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या एका जमीनदाराचा कारभारी. १८८० साली खंड कमी करायला नकार देऊन त्याने कुळांना हुसकवायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी त्याला चक्क वाळीत टाकलं. शेतावर मजूर मिळेना, दुकानदार माल देईना, पत्र आणून द्यायला माणूस मिळेना. सुमारे ५०० पौंडांचं पीक काढण्यासाठी सरकारला सैन्य आणि पोलीस उभे करावे लागले. त्याचा खर्च १०,००० पौंडांच्या घरात गेला असं सांगतात. वर्ष संपायच्या आत बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

तिथे लोक जिंकले, कारण नेम एका माणसावर होता आणि त्याचं सगळं त्या लोकांवरच अवलंबून होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता देवमाशांकडे येऊ. १९७० च्या दशकात व्यापारी शिकार करणारे दोन मोठे देश होते, जपान आणि सोव्हिएत रशिया. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या प्राणिमित्र आणि पर्यावरणवादी संस्थांनी या दोन्ही देशांच्या मालावर बहिष्कार पुकारला. जपानी गाड्या, टीव्ही, रशियन व्होडका, काही घेऊ नका म्हणाले.

परिणाम? जपानी गाड्यांचा खप अमेरिकेत वाढतच गेला. जपानच्या अर्थव्यवस्थेत देवमाशाचा वाटा चिमूटभर. गाडी बनवणाऱ्या कारखान्याचा आणि शिकारीच्या जहाजाचा संबंध काय? टीव्ही विकणारा माणूस सरकारकडे जाऊन "शिकार थांबवा" असं कशाला म्हणेल?

उलट एक वाईट गोष्ट झाली. अमेरिकेत राहणाऱ्या जपानी वंशाच्या लोकांना या मोहिमेची झळ बसू लागली. दुसऱ्या महायुद्धात याच समाजाच्या लाखाहून जास्त लोकांना छावण्यांत डांबलं होतं. त्यांच्या संघटनांनी तक्रार केली, की मालावरचा राग माणसांवर निघतोय. आणि सांगणारे तरी कोण? १९ व्या शतकात प्रशांत महासागरात देवमासे मारण्यात अमेरिकन जहाजंच सर्वांत पुढे होती. अमेरिकेने स्वतःची व्यापारी शिकार थांबवली ती १९७१ मध्ये, म्हणजे बहिष्काराच्या जेमतेम तीन वर्षं आधी!

१९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकारीवर बंदीचा ठराव केला. ती १९८५-८६ च्या हंगामापासून लागू झाली. जपान, नॉर्वे आणि रशियाने हरकत नोंदवली. आइसलँडच्या संसदेत हरकत घ्यायची की नाही यावर मतदान झालं आणि २९ विरुद्ध २८, म्हणजे एका मताने, 'घ्यायची नाही' असं ठरलं. पण लगेच पळवाट शोधली. 'वैज्ञानिक संशोधन' म्हणून चार वर्षं शिकार करायची आणि मांस जपानला विकायचं!

अमेरिकन सरकारने आइसलँडवर दबाव आणून पाहिला, पण तिथे केफ्लाविकला नाटोचा हवाई तळ होता. शीतयुद्धाचा काळ. त्या तळाच्या जोरावर आइसलँडने अमेरिकेला फार पुढे जाऊ दिलं नाही. जे सरकारला जमेना ते गिऱ्हाइकाने करायचं ठरवलं.

आइसलँडची लोकसंख्या तेव्हा अडीच लाख. निर्यातीच्या उत्पन्नाचा साधारण तीन चतुर्थांश भाग माशांचा, त्यातही कॉडचा मोठा. ग्रीनपीसने हीच दुखरी नस धरली. आणि त्यांची युक्ती बघा. घरोघरी जाऊन "मासा खाऊ नका" एवढंच सांगत ते बसले नाहीत, थेट मोठ्या खरेदीदारांच्या दारात गेले. लाँग जॉन सिल्व्हर्ससारख्या अमेरिकन हॉटेलांच्या साखळ्या, मुलांच्या जेवणासाठी मासा घेणारी शाळामंडळं. पश्चिम जर्मनीत टेंगेलमान आणि आल्डी या दुकानांच्या साखळ्यांनी आइसलँडचा माल घेणं थांबवलं. या कंपन्यांना देवमाशाचा पुळका आला होता असं नाही. दुकानासमोर रोज फलक घेऊन माणसं उभी राहणं त्यांना परवडत नव्हतं, आणि कॉड दुसरीकडूनही मिळत होता.

मग खरा दबाव आइसलँडच्या आतून आला. मासळीचे निर्यातदारच विचारू लागले, की काही डझन देवमाशांसाठी आमचा धंदा का बुडवताय? १९८९ च्या उन्हाळ्यानंतर आइसलँडने शिकार थांबवली. सरकार म्हणालं, चार वर्षांचा कार्यक्रम संपला म्हणून थांबवली. तेही कागदोपत्री खरंच. पण बाजार गमावला नसता तर तो पुढे वाढवला नसता असं मला तरी वाटत नाही.

इथे एक सांगितलंच पाहिजे. ऑर्डर रद्द झाल्या तेव्हा फटका बसला तो मासळी कापणाऱ्या बायकांना आणि कॉड पकडणाऱ्या खलाशांना. त्यांनी एकही देवमासा मारला नव्हता. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. बंदरात माल पडून राहिला की चूल कुणाची थंडावते हे आपण बघतोच. आइसलँडमध्ये बरेच लोक यामुळे चिडले, आणि शिकार हा देशाभिमानाचा प्रश्न झाला. १९९२ मध्ये आइसलँड आयोगातून बाहेर पडला, २००२ मध्ये परत आला, २००३ मध्ये 'संशोधन' आणि २००६ मध्ये व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली.

नॉर्वेने १९९३ मध्ये उघडपणे व्यापारी शिकार सुरू केली. पंतप्रधान होत्या ग्रो हार्लेम ब्रुंटलांड, ज्यांच्या आयोगाने 'शाश्वत विकास' हा शब्द जगभर नेला! पुन्हा बहिष्काराची हाक दिली गेली. काही कंत्राटं गेली, पण नॉर्वेचा मुख्य माल तेल आणि वायू. पंपावर गाडी लावून "यात नॉर्वेचं किती?" असं कोण विचारणार? नॉर्वे आजही दरवर्षी शेकडो मिंक व्हेल मारतो.

मग शिकार कमी झाली ती कशाने? कायद्याने आणि आंतरराष्ट्रीय दबावाने काही प्रमाणात, हे खरंच. पण आज तिला सगळ्यांत मोठा अडथळा आहे तो खाणाऱ्यांचा. युद्धानंतरच्या टंचाईत जपानमध्ये शाळेच्या जेवणात देवमाशाचं मांस असायचं. १९६२ च्या सुमारास तिथे वर्षाला दोन लाख टनांहून जास्त मांस खपत होतं. आता काही हजार टन. नव्या पिढीला ते नकोच आहे. जपान २०१९ मध्ये आयोगातून बाहेर पडला, पण अंटार्क्टिकची शिकार सोडून स्वतःच्या समुद्रापुरता राहिला. आइसलँडचं फिन व्हेलचं मांस जपानलाच जायचं. २०१९ ते २०२१ अशी तीन वर्षं तिथे एकही फिन व्हेल मारला नाही, २०२२ मध्ये १४८ मारले, २०२४ आणि २०२५ मध्ये पुन्हा शून्य. आणि त्याच आइसलँडमध्ये आता पर्यटक तिकीट काढून जिवंत देवमासे बघायला जातात.

म्हणून त्या मुलाला माझं उत्तर असं. बहिष्कार हे हत्यार चालतं, पण सगळीकडे नाही. माल नेमका हवा, विकणारा त्याच मालावर जगणारा हवा, आणि आपण त्याचं खरोखरचं गिऱ्हाईक हवं. १९०५ मध्ये मँचेस्टरच्या कापडावर बहिष्कार टाकणारे आपले लोक ते कापड खरोखर विकत घेत होते, म्हणून त्याला अर्थ होता. आपण कोकणात बसून आइसलँडचा कॉड 'सोडतो' म्हणालो तर त्याने काय फरक पडणार? आणि जपानी मोटरसायकल नाकारून एकही देवमासा वाचणार नाही.

दुसरं, बहिष्कार कशासाठी आणि कधी उठणार हे आधीच सांगितलेलं असावं. "शिकार थांबवा, उद्यापासून मासा घेतो" हा बहिष्कार. "ते लोकच तसले" असं सुरू झालं की ते वाळीत टाकणं. त्याने काय होतं हे आपल्या जिल्ह्यांना चांगलं ठाऊक आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा महाराष्ट्राला उगाच करावा लागला नाही.

पुढच्या वेळी कुठल्याही देशाच्या, कंपनीच्या किंवा गावातल्या दुकानाच्या बहिष्काराचा मेसेज आला तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: यात नेमका कुणाचा माल अडतोय, आणि नेमकी कुणाची चूल?

पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा. पण मुद्द्यावर.