मुंबईची माकडे, जपानचे उंदीर आणि जठराचे कोडे

१९२८ साली डॉ. लूसी विल्स लंडनहून मुंबईच्या हाफकिन संस्थेत आल्या, त्या गरोदर स्त्रियांच्या जीवघेण्या रक्तक्षयाचे कारण शोधण्यासाठी. कापड गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांमध्ये तो विशेष दिसे. तांबड्या पेशी फुगलेल्या, पण संख्येने मोजक्याच. सूक्ष्मदर्शकाखाली हे रक्त युरोपातील ‘पर्निशियस ॲनिमिया’सारखेच भासे.

तळपदे यांच्यासह विल्स यांनी या स्त्रियांचा आहार नोंदवला आणि तसाच निकस आहार प्राण्यांना दिला. उंदरांनी चकवा दिला. त्यांचा रक्तक्षय उवांमार्फत पसरणाऱ्या बार्टोनेला जंतूचाही असू शकत होता. माकडांनी मात्र साथ दिली. यीस्टचा स्वस्त अर्क, म्हणजे मार्माइट, मिळताच माकडांचे रक्त सुधारले, स्त्रियांचेही. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हा उपचार प्रसिद्ध केला. त्या अर्कातील गुणकारी घटक फॉलिक आम्ल. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले.

मग युरोपातील त्या रुग्णांचे काय? तेथे उणीव ताटात नव्हती, बिघाड जठरात होता. ब-१२ जीवनसत्त्व शोषण्यासाठी लागणारे प्रथिन जठराच्या अस्तरातील पेशी स्रवतात, आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्याच पेशींवर तुटून पडते. हा भेद केवळ पंडिती नव्हे. अशा रुग्णाला नुसते फॉलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारते, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते.

शरीर स्वतःवरच का उलटते, याचा माग पुन्हा प्राण्यांनीच दाखवला. जपानी संशोधकांनी काही वाणांच्या उंदरांच्या पिलांची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली. मोठेपणी कोणाचे अंडाशय, तर कोणाचे जठर आतून झिजले. तीच शस्त्रक्रिया आठवड्याने केली, तर असे घडत नसे! कारण स्वतःच्या अवयवांवर उलटू शकणाऱ्या पेशी थायमसमधून आधी बाहेर पडतात, त्यांना आवरणाऱ्या मागाहून. ग्रंथी मध्येच गेली, की राखणदार तुटपुंजे पडतात. जठरातला हल्ला मुख्यतः आम्ल तयार करणाऱ्या पंपावर होतो; पित्तावरची ओमेप्राझोलची गोळी बंद पाडते तो हाच पंप.

शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या राखणदार पेशींची नेमकी ओळख पटवली; २०२५ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. निरोगी उंदरातील या पेशी वेळीच टोचल्या, तर थायमस गमावलेल्या पिलाचे जठर शाबूत राहते.