लोकरीचा चेंडू, न्यूटन आणि एक ‘स्थिरांक’

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनकडे दुपारी समुद्रावरून वारा सुटला की उघड्यावर बॅडमिंटन खेळणं कठीण. हलकं शटल लगेच भरकटतं. पुण्याच्या छावणीत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८७०च्या दशकात हा खेळ रुळवला. दक्षिणेत रुजलेल्या बॉल बॅडमिंटनमध्ये मात्र शटलऐवजी लोकरीचा चेंडू असतो. आपली गोष्ट लोकरीच्याच गोळ्यापासून सुरू होते.

१६८७च्या ‘प्रिन्सिपिया’मध्ये न्यूटनने लंबकांना टांगलेले गोळे एकमेकांवर आदळवले. टक्करीनंतर दूर जाण्याचा वेग भागिले आधी जवळ येण्याचा वेग, हे गुणोत्तर त्याने काढलं. घट्ट गुंडाळलेल्या लोकरीसाठी ते ५/९ आलं, काचेसाठी १५/१६. हवेचा अडथळाही त्याने हिशोबात धरला होता. निष्कर्ष असा, की हे गुणोत्तर त्या पदार्थासाठी ठरलेलं असतं. यालाच आपण ‘कोइफिशंट ऑफ रेस्टिट्यूशन’ म्हणतो.

पण ते खरंच ठरलेलं असतं का? १८३४ मध्ये ईटन हॉजकिन्सनने दाखवलं, की टक्करीचा वेग वाढला की ते कमी होतं. १९१८ मध्ये सी. व्ही. रामन यांनी अगदी कमी वेगाच्या टकरींचे फोटो घेतले. वेग कमी करत नेला तसं गुणोत्तर १च्या जवळ जात होतं. न्यूटनचं मोजमाप चुकलं नव्हतं. त्याने तपासलेल्या वेगांपुरतं ते चांगलं होतं. त्यापलीकडे ते ताणणं धोक्याचं.

आता टेनिस बघा. नियमानुसार नेहमीचा चेंडू २५४ सेंमीवरून काँक्रीटवर सोडला तर १३५ ते १४७ सेंमी उसळायला हवा. इथे बरेच जण उंचींचा थेट भागाकार करतात. वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून वर्गमूळ घ्यायचं: उत्तर साधारण ०.७३ ते ०.७६. पण ही टक्कर ताशी जेमतेम २५ किलोमीटरची. सर्व्हिसचा वेग याच्या कितीतरी पट; तिथे हाच आकडा वापरला तर उत्तर चुकणार.

शिवाय हा आकडा एकट्या चेंडूचा नाहीच, जोडीचा आहे. तोच चेंडू किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूवर टाकून बघा, जवळपास जागीच बसतो. रॅकेटच्या तारांवर आणखी वेगळा.

म्हणून पेपरमध्ये ‘स्थिरांक’ दिसला की तीन प्रश्न विचारा: कशावर मोजला, किती वेगाला मोजला, आणि आपण तो कुठे वापरतोय?